‘समाधानकारक’ हवेचे आजारपण

दिल्लीतील इंडिया गेटकडून मंडी हाउसकडे जाणाऱ्या कोपर्निकस मार्गावर फरीदकोट हाउस आहे. २०१० च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे मुख्य पीठ तेथे बसते. याच मार्गावर जुने महाराष्ट्र सदनही आहे. दर हिवाळ्यात राजधानी धुरक्यात बुडते, तेव्हा न्यायाधिकरणापुढे राज्ये, महापालिका आणि प्रदूषण नियंत्रण मंडळे यांना जाब विचारला जातो, प्रतिज्ञापत्रे सादर होतात, मुदती मागितल्या जातात. फेब्रुवारी उजाडला, आकाश जरा निवळले की हा विषय मागे पडतो. प्रदूषण ही काही आठवड्यांची आणि मुख्यतः दिल्लीची आपत्ती आहे, या समजुतीवर आपली सारी व्यवस्था उभी आहे. वैद्यकीय संशोधनाने हीच समजूत आता मोडीत काढली आहे.

‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’ या नियतकालिकात जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दिल्ली, मुंबई, पुणे, कोलकाता, चेन्नई, शिमला यांसह देशातील दहा शहरांतील २००८ ते २०१९ या काळातल्या सुमारे ३६ लाख मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. रोजच्या मृत्यूंची सांगड त्या त्या दिवसांच्या ‘पीएम २.५’ या अतिसूक्ष्म धूलिकणांच्या पातळीशी घातली. या शहरांतील ७.२ टक्के मृत्यू, म्हणजे वर्षाला सुमारे ३३ हजार मृत्यू, जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेहून अधिक असलेल्या धूलिकणांशी निगडित असल्याचा त्याचा अंदाज आहे. दिल्लीचा वाटा वर्षाला सुमारे १२ हजारांचा. पण मुंबईत हा आकडा ५,१०० च्या आणि पुण्यात १,४०० च्या आसपास आहे. समुद्राच्या वाऱ्यावर विसंबणारी मुंबई आणि आल्हाददायक हवेचा अभिमान बाळगणारे पुणे यांनी हे आकडे दिल्लीची बातमी म्हणून वाचू नयेत.

या अभ्यासातील अधिक महत्त्वाचा निष्कर्ष मात्र मृत्यूंच्या एकूण संख्येत नाही. दोन दिवसांच्या सरासरीत धूलिकणांची पातळी घनमीटरमागे १० मायक्रोग्रॅमने वाढली, की दैनंदिन मृत्यूंत सुमारे १.४ टक्क्यांची वाढ दिसते. ही वाढ धुरक्याच्या दिवसांपुरती नाही. उलट, पातळी कमी असताना धोक्याचा चढ अधिक तीव्र आहे. आपल्याकडील २००९ चे मानक २४ तासांच्या सरासरीसाठी ६० मायक्रोग्रॅमची मुभा देते, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती मर्यादा १५ वर आणली. म्हणजे ३१ ते ६० मायक्रोग्रॅमच्या ज्या दिवसाला आपला हवा गुणवत्ता निर्देशांक ‘समाधानकारक’ म्हणतो, त्या दिवशीही दम्याच्या, हृदयविकाराच्या रुग्णाला धोका असतोच. स्वच्छ हवेसाठी नावाजलेले शिमलाही या अभ्यासात पूर्णपणे सुटलेले नाही.

केंद्र सरकारची यावरची भूमिका ठरलेली आहे. केवळ प्रदूषणामुळे मृत्यू झाल्याचे निर्णायकपणे सिद्ध करणारी आकडेवारी उपलब्ध नाही, असे उत्तर संसदेत अनेकदा दिले गेले आहे. एका व्यक्तीपुरते ते खरेही आहे. रुग्णालयात दगावलेल्या वृद्धाच्या हृदयावर धुराचा घाव किती आणि मधुमेहाचा किती, हे कोणताही डॉक्टर सांगू शकणार नाही. तंबाखूबाबतही एकेका रुग्णापुरती हीच अडचण होती. तरीही सिगारेटच्या पाकिटावर इशारा छापण्यासाठी आपण प्रत्येक मृत्यूच्या निर्णायक पुराव्याची वाट पाहिली नाही. शिवाय पुरावा अपुरा आहे, अशी तक्रार करणाऱ्यांनी तो गोळा करण्याची व्यवस्थाही करायला हवी. २०२० मध्ये देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झाले होते. ज्या घरात हिशेबाची वहीच नाही, तेथे नुकसानीचा आकडा मिळत नाही म्हणून नुकसान झालेच नाही, असे कसे म्हणता येईल?

तथापि सारा दोष सरकारी उत्तरांवर ढकलून वैद्यकविश्वाला मोकळे होता येणार नाही. धोका जर रोजचा असेल, तर उपायही रोजच्या बाह्यरुग्ण विभागात दिसला पाहिजे. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनच्या पुढाकाराने २०११ मध्ये देशभरातील ८८० शहरे व गावांतील डॉक्टरांकडे एकाच दिवशी आलेल्या दोन लाखांहून अधिक रुग्णांची पाहणी झाली. त्यांतील निम्म्याहून अधिक रुग्ण श्वसनाशी संबंधित तक्रारी घेऊन आले होते. अशा रुग्णांपैकी किती जणांना ‘तुम्ही काम कुठे करता, घर रस्त्यापासून किती लांब, स्वयंपाक कशावर होतो’ असे विचारले जात असेल? धूम्रपान न करणाऱ्यांनाही फुप्फुसांचा दीर्घकालीन अवरोधक आजार होतो आणि चुलीचा धूर हे त्याचे मोठे कारण आहे, हे याच संस्थेचे डॉ. संदीप साळवी यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मधून मांडले. तरीही बिडी न ओढणाऱ्या बाईचा खोकला आजही ‘ॲलर्जी’ म्हणून वर्षानुवर्षे औषधाच्या बाटलीवर काढला जातो.

उपचारांचे शास्त्रही बदलले आहे. दम्याविषयीच्या ‘जिना’ या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी २०१९ पासून, केवळ तात्पुरता आराम देणाऱ्या साल्ब्युटामॉलसारख्या औषधावर रुग्णाला ठेवू नये, असे स्पष्ट केले. श्वासनलिकेची सूज कमी करणारे, श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉइड हा उपचाराचा पाया आहे. आपल्याकडे मात्र ‘पंपाची सवय लागते’ ही भीती अजून घराघरांत आहे. जगातील दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत. दम्याने होणाऱ्या मृत्यूंत मात्र आपला वाटा ४० टक्क्यांहून अधिक असल्याचा अंदाज आहे. ही तफावत केवळ हवेने निर्माण केलेली नाही. न झालेले निदान आणि न मिळालेले औषध यांचाही तिच्यात हात आहे.

म्हणूनच हिवाळ्यात प्रसिद्ध होणाऱ्या ‘बाहेर पडणे टाळा’ छापाच्या सल्ल्यांवर भागणार नाही. हा सल्ला कुणाला परवडतो? चौकात उभा वाहतूक पोलीस, बांधकामावरची मजूर स्त्री, गाडीवर वडे तळणारा विक्रेता यांना दार लावून बसण्याची सोय नाही. हवा शुद्ध करणारे यंत्र श्रीमंताच्या शयनगृहापुरते संरक्षण देते. गरिबाला परवडेल असे संरक्षण प्राथमिक आरोग्य केंद्रातूनच मिळू शकते. श्वासाचा जोर मोजणारे साधे पीक फ्लो मीटर, तालुका पातळीवर स्पायरोमेट्री, वर्षभर न संपणारा इन्हेलरचा साठा आणि तो वापरायचा कसा हे शिकवणारी परिचारिका, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात २०२३ पासून दमा व फुप्फुसांचा अवरोधक आजार यांचा समावेश झाला आहे. कागदावरचा हा समावेश आता औषधांच्या कपाटात दिसला पाहिजे.

दुसरी जबाबदारी धोरणकर्त्यांची. २०१९ च्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात महाराष्ट्रातील मुंबई-पुण्याबरोबरच चंद्रपूर, नागपूर, सोलापूर, जालना अशी शहरे आहेत. मात्र त्याच्या यशाचे मोजमाप मुख्यतः ‘पीएम १०’ या तुलनेने जाड धुळीवर बेतले आहे. रस्ते धुतले, की आकडा सुधारतो. वाहने, उद्योग आणि जळता कचरा यांतून निघून थेट रक्तात उतरणारे सूक्ष्म कण मात्र तसेच राहतात. २००९ चे मानक बदलणे, कार्यक्रमाची कसोटी ‘पीएम २.५’ करणे आणि रुग्णालयांतील दैनंदिन नोंदी शहराच्या हवेच्या आकड्यांशी जोडून त्या जाहीर करणे, ही कामे निधीअभावी नव्हे, इच्छेअभावी रखडली आहेत.

फरीदकोट हाउसमधून निघणारे आदेश आवश्यक आहेत. पण ते बहुधा नुकसान झाल्यानंतर येतात. न्यायाधिकरण कारखान्याला दंड करू शकते, रुग्णाची छाती तपासू शकत नाही. ते काम गावातल्या, गल्लीतल्या डॉक्टरचे आहे आणि त्याच्या हाती साधने देण्याचे काम सरकारचे. तोवर मानक न बदलता फलकावर ‘समाधानकारक’ लिहीत राहणे म्हणजे ताप मोजायचा, पण तापमापीवरची रेघ आपल्या सोयीने वर सरकवायची. त्याने आकडा बरा दिसेल. रुग्ण बरा होणार नाही.