डबा बाहेर ठेवा आणि आत या

मागच्या मे महिन्यात मी माय-बाबांना, मोठ्या बहिणीला आणि तिच्या दोन लेकरांना थीम पार्क दाखवायला नेलं. नोकरी लागून मला दोन वर्षं झाली होती. मी घरापासून दूर, दुसऱ्या राज्यातल्या शहरात राहते. घरचे सगळे मराठवाड्यातून रात्रीच्या रेल्वेनं आले. येताना मायनं दोन दिवस पुरतील एवढे धपाटे, शेंगदाण्याची चटणी, कांदे आणि एका डब्यात सुकटीची चटणी आणली होती. गाडीत सगळ्यांनी तेच खाल्लं. उरलेलं तिनं पार्कच्या पिशवीत भरलं.

पार्कच्या दारावर पिशवी उघडली गेली. गार्डनं डब्याचं झाकण काढलं. सुकटीचा वास सुटला. मागच्या रांगेतल्या एक बाई दोन पावलं मागं सरकल्या. गार्ड म्हणाला, "बाहर का खाना मना है." एक तर इथंच खाऊन घ्या, नाही तर लॉकरमध्ये ठेवा. एकदा आत गेलं की त्याच तिकिटावर बाहेर येऊन परत जाता येत नाही. सकाळचे साडेदहा वाजले होते. कोणालाच भूक नव्हती. लॉकरचे शंभर रुपये भरून आम्ही डबा ठेवला. घरचं अन्न बाहेर ठेवायलाही पैसे लागतात, हे मायला त्या दिवशी कळलं.

मला आजही टोचतं ते वेगळंच. त्या क्षणी मी गार्डला काही विचारलं नाही. मी मायवर चिडले. "कशाला आणलंस हे सगळं?" असं चारचौघांत म्हणाले. नियम कोणाचा आणि ओरडले कोणावर!

पार्कचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. असे नियम असलेलं ते एकटं नाही, आणि प्रश्न एका पार्कपुरता नाही.

आता हिशोब सांगते. चार मोठ्यांची तिकिटं प्रत्येकी १,४०० आणि दोन लेकरांची प्रत्येकी १,१००, असे ७,८०० रुपये. ते मी महिनाभर आधी बाजूला काढले होते. खाण्याचं मी धरलंच नव्हतं. आत एक शाकाहारी थाळी ३८० रुपयांना होती. नूडल्स २५०, पाण्याची बाटली ५०, चहा ६०. आम्ही दोन थाळ्या, दोन नूडल्स, चार बाटल्या आणि तीन चहा घेतले. १,६४० रुपये झाले. सहा माणसांचं ते पोटभर जेवण नव्हतं. मायनं पाटीवरचा भाव माझ्याकडून वाचून घेतला आणि म्हणाली, "मला भूक नाही गं. तुम्ही खा." बाबाही तेच म्हणाले. बाबांना शुगर आहे. वेळेवर खावं लागतं, आणि डॉक्टरांनी भाकरी खायला सांगितली आहे. आत जिकडे बघावं तिकडे मैदा. शेवटी बहिणीनं दटावून त्यांना अर्धी थाळी खायला लावली.

माझी माय कित्येक वर्षं रोजगार हमीच्या कामावर माती वाहायला गेली. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात त्या योजनेची दिवसाची मजुरी २९७ रुपये होती. म्हणजे एका थाळीची किंमत दिवसभराच्या मजुरीपेक्षा जास्त. माय शाळेत गेलेली नाही, पण हा हिशोब तिनं पाटीसमोर उभं राहूनच केला असणार.

मग हे भाव वाजवी आहेत का? मी वाणिज्य शाखेची पदवीधर आहे, त्यामुळे दुसरी बाजूही मांडायला हवी. थीम पार्क चालवणं स्वस्त नाही. जमीन, झुले, वीज, पाणी, सुरक्षा, कामगार यांचा खर्च बारा महिने असतो आणि गर्दी सुट्ट्यांत होते. तिकिटावर कर आहे. जीएसटी आला तेव्हा तो २८ टक्के होता, जानेवारी २०१८ मध्ये १८ टक्क्यांवर आला. आतल्या स्टॉलचं भाडं, कर्मचाऱ्यांचा पगार, वाया जाणारं अन्न हे सगळं थाळीच्या किमतीत येणार. बाहेर टपरीवर पंधराला मिळणारा चहा आत पंचवीस-तीसला मिळाला तर मी तक्रार करणार नाही.

पण किंमत वाजवी आहे की नाही हे नुसत्या आकड्यावर ठरत नाही. आपल्याला "नको" म्हणता येतं का, यावर ठरतं. बाजारात एका दुकानात महाग वाटलं तर आपण पुढच्या दुकानात जातो किंवा घरी जाऊन खातो. इथं पुढचं दुकानही त्याच मालकाच्या आवारात, घरचा डबा लॉकरमध्ये आणि बाहेर जायची सोय नाही. नऊ तास, मे महिना, सोबत लेकरं आणि म्हातारी माणसं. अशा ठिकाणी "नको" म्हणायचं तर एकच मार्ग उरतो: उपाशी राहायचं आणि भूक नाही म्हणायचं. भाव ३८० असो की २००, माणसाला अडवून लावलेला भाव वाजवी म्हणता येत नाही.

काही जण म्हणतील, न्यायालयानं हा प्रश्न मिटवला आहे. ३ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सिनेमागृहांबद्दल निकाल दिला. सिनेमागृह ही खाजगी मालमत्ता आहे, बाहेरचं खाणं आणू द्यायचं की नाही हे मालक ठरवू शकतो, आणि आतलं विकत घ्यायचं की नाही हे प्रेक्षक ठरवू शकतो, असा त्याचा आशय आहे. पिण्याचं पाणी मोफत मिळावं आणि तान्ह्या लेकरांचं खाणं नेऊ द्यावं, हेही त्यात नोंदलं आहे. सुनावणीत जिलेबीची चिकट बोटं खुर्चीला पुसण्याचं आणि तंदुरी चिकनची हाडं मागं राहण्याचं उदाहरण निघालं होतं. ते वाचून मला सुकटीचा डबा आठवला. निकालाचा मी आदर करते. पण सिनेमा तीन तासांत संपतो. सकाळी साडेदहापासून रात्रीपर्यंत माणसांना आत ठेवणाऱ्या जागेला तोच न्याय लावावा का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि तो विचारायला हवा.

आपल्यासाठी या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं आणि सार्वजनिक करमणुकीची ठिकाणं अशी यादीच दिली आहे. जातीच्या कारणावरून तिथं कोणाला अडवता येणार नाही, असं ते कलम सांगतं. करमणुकीची जागा आणि खाण्याची जागा यांना मूलभूत हक्कांत स्थान मिळालं, कारण या दोन्ही जागांची दारं आपल्याला बंद होती. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत यावर चर्चा झाली तेव्हा 'दुकान' म्हणजे नेमकं काय असं विचारलं गेलं. बाबासाहेबांनी सांगितलं, की हा शब्द व्यापक अर्थानं घ्यायचा. सेवा मागायला येईल त्या कोणालाही सेवा द्यायला मालक तयार असतो ती जागा म्हणजे दुकान. सेवेच्या अटी मान्य असल्या पाहिजेत, हेही त्यांनी म्हटलं होतं.

मला दारावर कोणी जात विचारली नाही. म्हणून या नियमाला मी अस्पृश्यता म्हणणार नाही. तो शब्द आपण स्वस्त करू नये. आजही गावोगाव ज्यांच्यासाठी कप वेगळा ठेवला जातो त्यांचा तो अपमान होईल. पण अटी कोण ठरवतं, कोणाला डोळ्यांसमोर ठेवून ठरवतं आणि त्यात कोण आपोआप बाहेर पडतं, हे विचारायचा हक्क आपला आहे. महाडच्या पाण्याचा वारसा सांगणाऱ्या माणसांनी, पिण्याच्या पाण्याचा नळ संडासाशेजारी आणि पन्नासची बाटली दर्शनी जागी का, एवढं तरी विचारावं.

आपल्यातलेच काही जण म्हणतील, शिष्यवृत्त्या रखडल्यात, अत्याचार थांबत नाहीत आणि ही थीम पार्कच्या थाळीवर लिहीत बसली. पार्क ही चैन आहे, परवडत नसेल तर जाऊ नये. त्यांना मला आठवीतली गोष्ट सांगायची आहे. शाळेची सहल निघाली होती. वर्गणी साडेतीनशे रुपये होती. मी घरी विचारलंच नाही. सरांना सांगितलं, माझं पोट दुखतंय. हे वाचणाऱ्या किती जणांचं पोट त्या दिवशी दुखलं असेल! आपण घरातले पहिले पदवीधर. आपल्या आधीच्या पिढ्यांनी बागा खणल्या, रस्ते झाडले, दुसऱ्यांच्या लग्नांत पंगती उठल्यावर भांडी घासली. पहिल्यांदाच आपण तिकीट काढून आत गेलो. तिथंही माय "भूक नाही" म्हणत असेल, तर आठवीतलं माझं पोट अजून दुखतंच आहे. सुट्टी हा चैनीचा नाही, माणूसपणाचा भाग आहे.

दुसरं काही शक्यच नाही, असंही नाही. रेल्वेचंच बघा. तिथंही प्रवासी डब्यात अडकलेला असतो, पण घरचा डबा कोणी काढून घेत नाही. जनरल डब्यांतल्या प्रवाशांसाठी रेल्वेनं २०२३ पासून अनेक स्थानकांवर वीस रुपयांत पुरी-भाजीची सोय केली. विमानतळावरच्या महाग चहाबद्दल संसदेत आवाज उठला आणि डिसेंबर २०२४ मध्ये कोलकाता विमानतळावर 'उडान यात्री कॅफे' सुरू झालं. तिथं चहा दहा, पाण्याची बाटली दहा आणि समोसा वीस रुपयांना ठेवला गेला. बाकीची महाग दुकानंही चालूच राहिली. विमानानं जाणाऱ्यांना दहाचा चहा मिळू शकतो, तर वर्षातून एकदा लेकरांना झुल्यावर बसवायला आणणाऱ्यांना का नाही?

आणि चीनमधलं एक उदाहरण आपल्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावं. शांघायच्या डिस्नेलँडमध्ये बाहेरचं खाणं आणायला बंदी होती. २०१९ मध्ये कायदा शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीनं खाऊ अडवल्याबद्दल आणि पिशवी तपासल्याबद्दल दावा लावला. शेवटी तडजोड झाली. तिला ५० युआन भरपाई मिळाली आणि पार्कनं नियम बदलला. स्वतःपुरतं खाणं नेता येऊ लागलं. डिस्नेच्या अमेरिकेतल्या पार्कांत ही मुभा आधीपासूनच होती. शांघायच्या बदललेल्या नियमातही उग्र वासाच्या पदार्थांना मनाई राहिली, म्हणजे माझ्या मायची सुकट तिथंही बाहेरच. ती लढाई बाकी आहे. पण एका विद्यार्थिनीच्या खाऊच्या पुड्यावरून एवढं मोठं पार्क हललं, हेही खरं.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. घरचं खाणं आत नेऊ द्यावं आणि बसून खायला सावलीची जागा असावी. कचऱ्याची काळजी असेल तर काचेच्या वस्तू आणि दारू यांना बंदी घाला, डब्याला नको. तेही जमत नसेल, तर त्याच तिकिटावर बाहेर जाऊन जेवून परत येऊ द्यावं. पिण्याचं थंड पाणी मोफत आणि समोर दिसेल असं असावं. साधं जेवण आणि चहा मिळणारं एक तरी स्वस्त काउंटर असावं. ते जवळच्या गावातल्या महिला बचत गटाला दिलं तर आणखी चांगलं. आणि आतले खाण्याचे भाव तिकीट खिडकीवर आणि वेबसाइटवर तिकिटाच्या शेजारी लिहावेत, म्हणजे माणूस घरूनच हिशोब करून निघेल.

आपणही काही करू शकतो. तिकीट काढण्याआधी फोन करून खाण्याचा नियम विचारा आणि लेखी मागा. वसतिगृहातले जुने मित्र, ऑफिसमधले सहकारी, गावातली मंडळी मिळून गटानं जाणार असाल तर डब्याची परवानगी ही बुकिंगची अट म्हणून सांगा. गटाचं बुकिंग कोणालाही हवं असतं. एकाच बाटलीवर बाजारासाठी एक आणि पार्कसाठी दुसरी एमआरपी छापायला जानेवारी २०१८ पासून मनाई आहे. तसं दिसलं तर फोटो काढा, बिल जपा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही. आपल्याला वाचता-लिहिता येतं. घरात ते पहिल्यांदा आपल्यालाच आलं. त्याचा उपयोग पाटीवरचा भाव मायला वाचून दाखवण्यापुरता नसावा.

त्या दिवशी रात्री आम्ही लॉकरमधून डबा घेतला आणि बस थांब्याच्या कट्ट्यावर बसलो. मायनं तीन धपाटे खाल्ले, बाबांनी दोन. दिवसभर ज्यांना भूक नव्हती ती हीच माणसं. मी मान खाली घालून खात होते. मायची माफी मागायला मला आणखी चार महिने लागले.

यंदा भाचीला पुन्हा जायचंय. परवा फोनवर माय दबक्या आवाजात विचारत होती, "डबा करू का गं? का नको?" मी सांगितलं, कर. सुकटीची चटणीही कर. मी आधी फोन करून विचारते. आत नेऊ देत नसतील तर त्यांना कारण लिहून मागते, आणि आपण तिकिटाचे पैसे दुसरीकडे खर्च करू.

जय भीम.