अवैध निविष्टी

गेल्या पावसाळ्यात पुणे येथे, संकेतस्थळांच्या वापरसुलभतेवर झालेल्या दोन दिवसांच्या व्यावसायिक प्रशिक्षण कार्यशाळेस आपल्या बँकेच्या वतीने उपस्थित राहण्याची संधी मला मिळाली. मी संगणक अभियंता नाही. चोवीस वर्षांच्या सेवेतील बहुतांश काळ शाखांमध्ये, काउंटरच्या आतल्या बाजूस गेला. सध्या इंदूरच्या कार्यालयात आहे आणि मराठी लिहिता-वाचता येते एवढ्या एकाच पात्रतेवर, संकेतस्थळावरील मराठी मजकूर तपासणाऱ्या समितीत माझी वर्णी लागलेली आहे. त्यामुळे कार्यशाळेचा वृत्तांत देण्यापेक्षा, तिच्यामुळे माझ्या मतात जो बदल झाला तो सन्माननीय ग्राहकांपुढे आणि सहकाऱ्यांपुढे मांडणे मला अधिक उचित वाटते.

पहिला दिवस व्याख्यानांचा होता. डोनाल्ड नॉर्मन यांनी 1988 साली दैनंदिन वापराच्या वस्तूंवर लिहिलेल्या ग्रंथातील दरवाजांचे विवेचन आता या क्षेत्रात सर्वपरिचित झाले आहे. दरवाजा ढकलायचा की ओढायचा हे सांगण्यासाठी त्यावर पाटी लावावी लागत असेल, तर दोष दरवाजाच्या रचनेत आहे, असे त्यांचे म्हणणे. हे ऐकताना माझ्या जुन्या शाखेचा काचेचा दरवाजा डोळ्यांपुढे उभा राहिला. त्यावर ‘ओढा’ अशी चिकटपट्टी होती आणि ग्राहक तो ढकलीत. ‘लोक वाचतच नाहीत’ हे आमचे त्यावरचे ठरलेले भाष्य. बँकेच्या यंत्रांमध्येही या विचाराचे उत्तम उदाहरण आहे. पैसे हाती पडले की ग्राहकाच्या मनातले काम संपते आणि कार्ड यंत्रात विसरले जाते. म्हणून पुष्कळ एटीएम यंत्रे आधी कार्ड परत करतात, मग नोटा देतात. ‘कार्ड घेण्यास विसरू नका’ या सूचनेपेक्षा हा क्रम कितीतरी अधिक कामाचा.

येथवर सारे पटण्यासारखे होते, आणि दुसऱ्याचे दोष असल्यामुळे आनंददायकही.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक संस्थेच्या प्रतिनिधीने आपापल्या संकेतस्थळाचे एक पान चाचणीसाठी द्यावयाचे होते. मी निधी हस्तांतरणाचे मराठी पान दिले. पाच पाहुणे एकेक करून येणार, प्रत्येकाने काल्पनिक खात्यातून पुतणीस दोन हजार रुपये पाठवावयाचे आणि मनात येईल ते मोठ्याने बोलत राहावयाचे. आम्ही शेजारच्या खोलीत बसून ते पाहणार, परंतु बोलणार नाही, खुणावणार नाही. परीक्षा पाहुण्यांची नाही, पडद्याची आहे, असे प्रशिक्षकांनी प्रत्येकास आरंभीच सांगितले.

तिसऱ्या पाहुण्या सत्तरीच्या घरातील एक निवृत्त शिक्षिका होत्या. अक्षर न् अक्षर जुळवून, कागदावरील आकडे दोनदा पडताळून त्यांनी पान भरले. बटण दाबताच लाल अक्षरे उमटली : ‘अवैध निविष्टी’. बाईंनी दोन्ही हात कळफलकावरून उचलले आणि मांडीवर ठेवले. ‘अवैध म्हणजे बेकायदेशीर ना? माझ्या हातून काही भलतेच तर झाले नाही?’ असे त्यांनी विचारले. प्रशिक्षक गप्प. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, ‘राहू द्या. आमच्या वयाला हे जमायचे नाही.’

तो शब्द मी मंजूर केलेला होता. मूळ इंग्रजी सूचना आली, शब्दसंग्रहात प्रतिशब्द सापडला, मी सही केली. सारा व्यवहार अर्ध्या मिनिटाचा असेल. ‘अवैध’ हा शब्द मराठी माणूस वाळूचा उपसा आणि दारू यांच्या बातम्यांत वाचतो, आणि ‘निविष्टा’ म्हटले की शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे बी-बियाणे आणि खते येतात, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. ते वाचताना समोर कोणी बसलेले असेल, हे मात्र माझ्या ध्यानी आले नव्हते.

आणि बाईंची चूक तरी काय होती? आयएफएस संकेतांकात अकरा स्थाने असतात. पहिली चार इंग्रजी अक्षरे बँकेची, शेवटची सहा स्थाने शाखेची, आणि मधले पाचवे स्थान सदैव शून्य. बाईंनी तेथे शून्याऐवजी इंग्रजी ‘ओ’ हे अक्षर टाकले होते. कागदावर ती दोन्ही चिन्हे सारखीच दिसतात. पाचव्या स्थानी शून्याखेरीज काही असूच शकत नाही हे संगणकास पक्के ठाऊक आहे. त्याने ‘ओ’ आपणहून बदलून घेतला असता तरी कोणाचे काही बिघडले नसते. निदान ‘पाचव्या जागी अक्षर ओ नव्हे, शून्य हवे’ एवढे सांगता आले असते. काउंटरवरील आपला कोणताही लिपिक हेच सांगतो, पेन पुढे करतो आणि प्रकरण तेथेच मिटते.

उरलेल्या पाहुण्यांनी जे दाखवले त्यात नवे थोडेच होते. त्याच त्या जागी प्रत्येकजण अडखळत होता. जेकब नील्सन यांनी 2000 साली मांडलेला हिशेब असा की पाच जणांच्या चाचणीत सुमारे 85 टक्के अडचणी उघड होतात. या आकड्यावर तज्ज्ञांनी पुढे बरेच आक्षेप घेतले, आणि भारतासारख्या देशात पाच माणसे कोणाकोणाची प्रतिनिधी म्हणावीत हा प्रश्न उरतोच. तथापि पाचांपैकी एकासही न विचारण्यापेक्षा पाचांना विचारणे बरे, याविषयी दुमत नसावे. आमच्या समितीने आजवर एकासही विचारले नव्हते.

भाषेविषयी थोडे अधिक लिहितो, कारण ते माझे काम आहे. ज्याला पैसे पाठवावयाचे त्यास आपण ‘लाभार्थी’ म्हणतो. मराठीत लाभार्थी म्हणजे सरकारी योजनेचा लाभ घेणारा. चाचणीतील एक दुकानदार ‘लाभार्थी जोडा’ या बटणावरून तीन वेळा पुढे गेले. ते एखाद्या योजनेचे असावे, असा त्यांचा समज. पान बराच वेळ उघडे राहिले की ‘सत्र संपले’ अशी सूचना येते, जणू शाळेस सुटी लागली. उलट ‘जमा’ आणि ‘नावे’ हे पिढ्यान्‌पिढ्या चोपड्यांत लिहिले गेलेले शब्द आपण टाकून दिले आणि त्यांच्या जागी क्रेडिट-डेबिट देवनागरीत लिहिले. सोपे मराठी म्हणजे इंग्रजी शब्द नागरी लिपीत लिहिणे नव्हे, आणि शुद्ध मराठी म्हणजे संस्कृत कोश उघडून बसणेही नव्हे. महाराष्ट्राबाहेर तर आणखी एक गंमत आहे. इंदूर-बडोद्याकडील अनेक मराठी कुटुंबे घरात मराठी बोलतात, परंतु संकेतस्थळ मराठीतही आहे याचा त्यांना पत्ता नसतो. कारण भाषांच्या यादीत मराठीचे नाव इंग्रजीत लिहिलेले असते. ज्यास इंग्रजी वाचता येते त्यालाच ते सापडणार!

चौथे पाहुणे दृष्टिहीन तरुण होते. पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली ते इतक्या वेगाने ऐकत होते की आम्हांस एक अक्षर कळेना. आपल्या पानावर मात्र तिला ‘बटण, बटण, बटण’ एवढेच म्हणता आले. चित्ररूप बटणांना आम्ही नावेच दिली नव्हती. हा प्रश्न आता केवळ सौजन्याचा राहिलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2025 रोजी दिलेल्या निर्णयात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद 21 मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. ग्राहकाची ओळख पटवताना डोळ्यांची उघडझाप करावयास सांगितले जाते. आम्लहल्ल्यात डोळे गमावलेल्या व्यक्तींना ते अशक्य होते, यातून तो दावा उभा राहिला होता.

कार्यशाळेत एका विषयावर मात्र माझे प्रशिक्षकांशी एकमत झाले नाही. ग्राहकास कोठेही थांबावे लागू नये, हा त्यांचा आदर्श. खरेदीच्या संकेतस्थळास तो शोभत असेल. बँकेत काही ठिकाणी थांबणे आवश्यकच असते. इलेक्ट्रॉनिक हस्तांतरणात रक्कम केवळ खाते क्रमांकावरून जमा होते, तो अचूक देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची, असे रिझर्व्ह बँकेने 2010 साली स्पष्ट केले होते. एक आकडा चुकला की पैसे परक्याच्या खात्यात, आणि मग महिनोन्‌महिने पत्रव्यवहार. असे अर्ज घेऊन आलेली माणसे मी काउंटरवर पाहिली आहेत. एनईएफटी आणि आरटीजीएस करताना खातेदाराचे नाव आधी पडद्यावर दाखवण्याची सोय 1 एप्रिल 2025 पर्यंत बँकांनी द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने ठरवले तेव्हा खरा दिलासा मिळाला. तेथे ग्राहकाने थांबून ते नाव वाचलेच पाहिजे, आणि ते पुरेशा मोठ्या अक्षरांत असले पाहिजे. सत्र आपोआप बंद होणेही सुरक्षिततेसाठी योग्यच. केवळ, सावकाश टंकन करणाऱ्यास आधी इशारा मिळावा आणि मुदत वाढवून घेण्यास किमान 20 सेकंद मिळावीत, असा सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांतील नियम आहे. आमच्या पानावर तसा इशारा नव्हता.

इंदूरला परतल्यावर मी समितीस टिपण सादर केले. ‘अवैध निविष्टी’ गेली. तिच्या जागी कोणत्या रकान्यात काय दुरुस्त करावयाचे ते सांगणारी वाक्ये आली. भाषांच्या यादीत ‘मराठी’ आता मराठीत दिसते. बटणांना नावे देण्याचे काम चालू आहे. ‘लाभार्थी’ मात्र जागचा हललेला नाही. तो सर्व भाषांच्या सामाईक शब्दसूचीत बसलेला असून त्यास उठवण्यासाठी बरीच दारे ठोठवावी लागतील. पुढील बैठकीस शाखेतील दोन लिपिकांना आणि तीन ग्राहकांना बोलवावे, अशी विनंती मी केली आहे. ग्राहकांना बैठकीचा भत्ता कोणत्या शीर्षाखाली द्यावा, या प्रश्नावर ती फाइल सध्या थांबली आहे.

त्या शिक्षिका जाण्यापूर्वी प्रशिक्षकांनी त्यांना शून्याची भानगड समजावून सांगितली. त्यांनी पिशवीतून वही काढली, पुतणीच्या संकेतांकाखाली पाचव्या जागी रेघ ओढली आणि जाताना आमच्या खोलीत डोकावून विचारले, ‘हे तुम्ही तिथे लिहून का ठेवत नाही?’