हरियाणात अंडी?

मुले दिवाळीत किल्ला हातांनी रचतात. निकोबार बेटांवरचा मेगापोड आपला ढिगारा पायांनी रचतो. हा कोंबडीएवढा तपकिरी पक्षी किनाऱ्यालगतच्या रानात वाळू, माती, पालापाचोळा ओढून त्यात अंडी पुरतो. पाचोळा कुजतो, त्या उबेने अंडी उबतात. पिल्लू स्वतःच उकरून बाहेर येते. आईबापांची वाट पाहत नाही. त्या बेटांखेरीज जगात हा पक्षी कोठेही नाही.

२००४ च्या त्सुनामीने किनाऱ्यावरचे ढिगारे धुऊन नेले. समुद्राला कोण जाब विचारणार? पण २०२१ साली गॅलेथिया खाडीचे अभयारण्य बंदरासाठी मोडीत निघाले, ते माणसांच्या सभेत, सहीशिक्क्यानिशी! पुढल्याच वर्षी मोठ्या निकोबारातील सुमारे १३० चौरस किलोमीटर रान प्रकल्पाला देण्यास संमती मिळाली, आणि भरपाईची झाडे लावायचे ठरले हरियाणात. निकोबारची वजाबाकी हरियाणाच्या बेरजेने भरून काढणाऱ्या विद्यार्थ्याला मी मास्तर या नात्याने शून्य गुण देईन. मेगापोडाने काय समुद्र ओलांडून तिथे अंडी पुरायची?

‘देशाची प्रगती नको का, मास्तर?’ असे मला विचारतात. हवी ना! पण बंदराला दुसरा किनारा शोधता येतो. या पक्ष्याला तो कोण शोधून देणार आहे?