१९८८ सालचा साकीनाका कुठे मिळेल?

साकीनाक्याच्या चौकात १९८८ सालातला एक प्रसंग चित्रित करायचाय, असं समजा. प्रसंग साधा आहे. कारखान्याची पहिली पाळी सुटलीय, नायक बसथांब्यावर उभा आहे आणि समोरून नायिका रस्ता ओलांडून येतेय. कॅमेरा कुठे लावायचा? अंधेरीकडे तोंड केलं तर चौकटीत मेट्रोचे खांब आणि त्यावरचा पूल येतो. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो ८ जून २०१४ ला धावू लागली, म्हणजे आपल्या नायकाची पाळी सुटल्यानंतर सव्वीस वर्षांनी. घाटकोपरकडे वळलं तरी तोच पूल. कुर्ल्याच्या बाजूला पूल नाही, पण तिथल्या दुकानांवर छापील फ्लेक्स आहेत आणि त्यांवर मोबाइलचे नंबर आहेत. गल्ल्यावर क्यूआर कोड चिकटवलाय. भावफलकावर रुपयाचं चिन्ह आहे, ते २०१० च्या जुलैत ठरलं. रिक्षांच्या पाट्यांवर एमएच-०२ नाहीतर एमएच-०३ लिहिलंय. ही पद्धत १९८९ मध्ये नवा मोटार वाहन कायदा लागू झाल्यानंतरची. आपल्या रिक्षाला तीन अक्षरांची जुनी पाटी हवी आणि बाहेरच्या अंगाला हाताने पाडायचं यांत्रिक मीटर हवं. नायकाने खिशातून दहाची नोट काढलीच, तर तिच्यावर अशोकस्तंभ हवा. गांधीजींच्या चित्राच्या नोटांची मालिका १९९६ पासूनची. आणि मागून बेस्टची जुनी दुमजली बस जायला हवी असेल, तर ती शेवटची १५ सप्टेंबर २०२३ ला धावली, आपल्या शेजारच्याच मार्गावर. आगरकर चौक ते सीप्झ, ४१५ नंबर.

एवढं सगळं झाकायचं, पुसायचं किंवा संगणकावर काढून टाकायचं, तर एका प्रसंगात मालिकेचा महिन्याचा पैसा संपेल. म्हणून जुन्या मुंबईच्या मालिका रस्त्यावर घडतच नाहीत. त्या जिन्यात घडतात, गॅलरीत, स्वयंपाकघरात, खिडकीच्या गजांशी. रस्ता दाखवायचाच असेल तर दोन्ही पात्रांचे चेहरे जवळून घेतात आणि मागचं सगळं धूसर करतात. आपल्याला वाटतं, तो काळ घरगुती होता, माणसं सतत एकमेकांच्या दारात असायची. असायचीही. पण त्या आठवणीतला निम्मा घरगुतीपणा या बजेटमधून आलेला आहे, हे मला अलीकडे फार जाणवतं.

जुन्या मालिका पाहताना चुका शोधायचा छंद टाळेबंदीत बहरला. २०२० च्या मार्च अखेरीस दूरदर्शनने ‘रामायण’ आणि ‘महाभारत’ पुन्हा दाखवायला सुरुवात केली आणि एप्रिलमध्ये एक छायाचित्र घरोघरी पोहोचलं. भीष्माच्या भूमिकेतले मुकेश खन्ना आणि त्यांच्या मागे चक्क कूलर. दोन दिवस सगळा देश त्या कूलरवर हसला. मग ज्यांनी तो प्रसंग नीट, पुढेमागे करून पाहिला त्यांनी दाखवून दिलं की तो कूलर नव्हताच, खांबावरच्या नक्षीकामाचा भाग होता. एका विशिष्ट कोनातून, एका थांबवलेल्या क्षणी तो तसा दिसत होता. मला या घटनेत कूलरपेक्षा पाहणाऱ्यांचं मोल अधिक वाटतं. गोरेगावच्या चित्रनगरीत उभारलेला हस्तिनापूरचा दरबार २ ऑक्टोबर १९८८ पासून दर रविवारी सकाळी देशाने पाहिला, तो बहुतेक घरांत लहानशा, बऱ्याचदा कृष्णधवल पडद्यावर, अँटेना हलवत. चित्र थांबवायची सोय नव्हती. तेव्हा त्या खांबाकडे कोणाचंही लक्ष गेलं नाही. तीच फीत तीस वर्षांनी हातातल्या फोनवर आली, बोटाने थांबवता आली, मोठी करता आली आणि नक्षीचा कूलर झाला. काही चुका अशा पडद्याबरोबर जन्माला येतात. अमेरिकेत ‘फ्रेंड्स’ मालिका नव्या रुंद चौकटीत आणली, तेव्हा जुन्या चौकोनी चौकटीबाहेर राहिलेल्या, मुख्य नटांच्या जागी उभ्या केलेल्या बदली माणसांचे चेहरे काही ठिकाणी दिसू लागले. चित्रीकरणाच्या दिवशी तिथे चूक नव्हतीच.

खऱ्या चुकाही अर्थातच होतात, आणि श्रीमंत निर्मात्यांच्या घरीही होतात. ‘डाउनटन ॲबी’च्या २०१४ मधल्या प्रसिद्धीच्या छायाचित्रात १९२० च्या दशकातल्या दिवाणखान्यात प्लास्टिकची पाण्याची बाटली राहिली होती. ‘गेम ऑफ थ्रोन्स’मध्ये २०१९ साली मेजवानीच्या टेबलावर कॉफीचा कागदी कप राहिला. असं झालं की आपण म्हणतो, एवढी माणसं सेटवर होती, कोणालाच कसं दिसलं नाही? याचं उत्तर सेटवरच्या माणसांकडेच मिळतं.

आमच्या इमारतीतली एक मुलगी मराठी मालिकांवर सहायक दिग्दर्शक म्हणून काम करते. तिच्याकडे ‘कंटिन्युटी’ असते. तिच्या फोनमध्ये हजारो छायाचित्रं आहेत आणि एकातही कोणी हसताना दिसत नाही. वाटीत आमटी कुठपर्यंत होती, पदराची घडी कशी पडली होती, केस कानामागे होते की पुढे, भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले होते, टिकली कोणती होती. तिच्याकडून मला पहिल्यांदा नीट उमगलं की मालिकेत कथेच्या क्रमाने काहीच चित्रित होत नाही. कलाकाराच्या तारखा, जागेचं भाडं आणि दिवसाची शिफ्ट यांच्या क्रमाने होतं. सून उंबरठ्यावर माप ओलांडते तो बाहेरचा भाग मढच्या एखाद्या बंगल्यावर होतो, आणि आत पाऊल टाकते तो भाग आठवड्याने घोडबंदर रोडच्या सेटवर. त्या आठ दिवसांत तिच्या हातावरची मेंदी उतरलेली असते. ती पुन्हा काढायची, पण छायाचित्रात पाहून, तेवढीच फिकी. त्यात भाग आठवड्यातून सहा दिवस प्रसारित होतात. गाठीशी तयार भागांची ‘बँक’ असेल तर चूक दिसल्यावर प्रसंग पुन्हा करता येतो. बँक संपली असेल तर आज चित्रित झालेलं उद्या घराघरांत दिसतं, आणि तिला चूक दिसली तरी ती कोणाला सांगणार? दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि त्यावर पुढची कथा फिरते. मेलेलं पात्र परत येतं, दोन आठवड्यांपूर्वी मुलीची एकुलती एक असलेली मावशी आता दोन मावश्यांपैकी थोरली होते. त्याला लेखक विसरला असं म्हणणं अन्यायाचं आहे. मधल्या काळात लेखक बदललेलाही असू शकतो.

शिवाय काही चुका जाणूनबुजून राहू दिल्या जातात, हे मला या विषयातलं सगळ्यात सुंदर सत्य वाटतं. एकाच संवादाचे दूरचे आणि जवळचे असे अनेक तुकडे घेतात. दूरच्या तुकड्यात नटीने कप उजव्या हातात धरलाय, जवळच्यात डाव्या. पण जवळच्या तुकड्यात तिचा आवाज नेमका जिथे भरून यायला हवा तिथे भरून आलाय. संकलक काय निवडेल? हॉलिवूडचे नामवंत संकलक वॉल्टर मर्च यांनी दोन दृश्यं कुठे जोडावीत याच्या सहा कसोट्या मांडल्या आणि प्रत्येकीला वजन दिलं. भावनेला ५१ टक्के. आणि माणसं-वस्तू अवकाशात पूर्वीच्याच जागी आहेत की नाहीत, याला फक्त ४ टक्के. आमच्या शेजारणीने मर्च यांचं नाव ऐकलेलं नव्हतं, पण हिशेब तिला तोंडपाठ होता: अभिनय आधी, हात नंतर.

प्रेक्षकांचा हिशेबही वेगळा नसतो. साकीनाक्यावरून जाणाऱ्या अंधेरी-कुर्ला रस्त्यावर, आपल्यापासून फार लांब नाही, मोहन स्टुडिओ होता. ‘मुघल-ए-आझम’चा शीशमहाल तिथे उभा राहिला होता. तो चित्रपट १९६० ला लागला, पण त्याची जुळवाजुळव चाळिसाच्या दशकात सुरू झाली होती. पहिल्या संचातले अकबर, चंद्रमोहन, १९४९ मध्ये वारले आणि सगळं नव्याने करावं लागलं. बराचसा चित्रपट कृष्णधवल आणि शीशमहालातलं गाणं मात्र रंगीत, याहून मोठं तुटलेपण कोणतं? प्रेक्षकांनी ते चूक म्हणून पाहिलंच नाही. ‘बुनियाद’चंही तसंच. १९८६ मध्ये दूरदर्शनवर आलेल्या त्या मालिकेत हवेलीराम तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत दिसतो. ती भूमिका करणारे आलोकनाथ तेव्हा तिशीत होते, आणि पडद्यावर त्यांचे मुलगे झालेले कंवलजीत सिंग व दलीप ताहिल वयाने त्यांच्याहून मोठे. लाहोरातून उखडलेल्या त्या कुटुंबाशी बांधले गेलेल्या कोणालाही हा हिशेब करावासा वाटला नाही.

उलट, अगदी अलीकडच्या मालिकांमधल्या काही खाचा पुढच्या पिढीला मुळीच कळणार नाहीत. २०२० च्या पावसाळ्यात चित्रीकरण पुन्हा सुरू झालं तेव्हा पासष्टीपुढच्या कलाकारांना सेटवर यायला मनाई होती. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. मधल्या काळात कित्येक मालिकांतल्या आजी-आजोबांना गावी जावं लागलं. २०२१ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात पुन्हा चित्रीकरण थांबलं आणि मराठी-हिंदी मालिकांची युनिटं गोवा, दमण, सिल्वासाकडे धावली. कर्जबाजारी कुटुंबं अचानक कोणाच्या तरी बंगल्यावर राहायला गेली. मे महिन्यात गोव्यानेही परवानगी काढून घेतली आणि कुटुंबं पुन्हा हलली. तीस वर्षांनी कोणी हे भाग पाहील आणि म्हणेल, लेखकाचं डोकं फिरलं होतं का? गावी गेलेल्या आजीच्या गैरहजेरीत एका महासाथीची नोंद आहे. मला वाटतं त्या चुका तशाच राहाव्यात, कोणी त्या पुसू नयेत.

मात्र स्मरणरंजनाच्या मालिकांतली एक चूक मला खरोखर टोचते, आणि ती कोणीच पकडत नाही. १९८८ सालचं घर दाखवायचं ठरलं की त्यातली प्रत्येक वस्तू १९८८ ची असते. नवी कॅसेट, नवा टेपरेकॉर्डर, त्या वर्षीच्या जाहिरातीतली साबणाची वडी. प्रॉपर्टी भाड्याने देणाऱ्या गोदामांत काळाप्रमाणे खण लावलेले असावेत, असं ते दिसतं. खरं घर असं कधी असतं का? आमच्यासारख्यांच्या घरात १९८८ साली आजोबांच्या लग्नातलं पितळी घंगाळ होतं, एक कपाट साठच्या दशकातलं होतं, आणि टीव्ही हप्त्याने नुकताच आलेला होता. निरनिराळ्या वयाच्या वस्तू एका खोलीत दाटीने राहणं, हाच तर मध्यमवर्गीय घराचा इतिहास. एका सालाची खोली फक्त दुकानात असते.

चूक पकडायला आठवणारं माणूस लागतं. शंकर नाग यांनी ‘मालगुडी डेज’ची मालगुडी कर्नाटकातल्या आगुंब्यात उभी केली. मालगुडी नकाशावर कुठेच नाही, तेव्हा तिथली गल्ली चुकली असं कोण म्हणणार? गिरगावची चाळ दाखवली आणि जिना चुकीच्या बाजूला असला, तर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात पत्र येतं. लालबाग, दादर, पार्ले, या सगळ्यांना आपले साक्षीदार आहेत. साकीनाका मात्र माझ्या पाहण्यातल्या कोणत्याच स्मरणरंजनाच्या मालिकेत नाही. खैरानी रोडवरचे गाळे, लेथवरचे कामगार, जरीमरीच्या वस्तीवरून छपरं हलवत जाणारी विमानं, साकीविहार रस्त्याने पवईकडे जाणाऱ्या कंपनीच्या बसगाड्या, यांना कोणी हळवं होण्याच्या लायकीचं मानलंच नाही. गंमत अशी की चांदिवली स्टुडिओ इथेच होता. तिथे खेडी उभी राहिली, देवळं उभी राहिली, खलनायकांचे अड्डे उभे राहिले. पण फाटकाबाहेरचा रस्ता आत गेला नाही. उद्या कोणी आपला साकीनाका चुकीचा दाखवलाच, तर ‘हे असं नव्हतं’ म्हणणाऱ्यांची पिढीही आता सत्तरीकडे झुकलीय, आणि त्यातले बरेच जण कारखाने बंद पडल्यावर गावी परतले.

तेव्हाच्या साकीनाक्याचं चित्रण दूरदर्शनकडे शोधण्यातही फार अर्थ नाही. मुंबई केंद्रावरच्या ‘चिमणराव’सारख्या लाडक्या मालिकेचे बहुतेक भाग आज उपलब्ध नाहीत, कारण त्या काळी टेप महाग होत्या आणि पुसून पुन्हा वापरल्या जात. त्यातल्या दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या इतक्या गाजलेल्या जोडीची ही गत, तर चौकातल्या बसथांब्याची फीत कोण ठेवणार?

म्हणून या भागात राहिलेल्या वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे. घरातले जुने अल्बम टाकून देऊ नका. ज्या फोटोंत नवरा-नवरी हलले आहेत, ज्यांत बारशाच्या पाहुण्यांची डोकी कापली गेली आहेत, ते तर मुळीच टाकू नका. त्यांच्या मागे दुकानाची रंगाऱ्याने लिहिलेली पाटी असते, रिक्षाचा नंबर असतो, बसथांब्यावरचे आकडे असतात, तेव्हाच्या भिंतीचा रंग असतो. फोटोच्या पाठीमागे साल आणि गल्लीचं नाव पेन्सिलीने लिहून ठेवा. सेटवर आर्ट डिपार्टमेंटची मुलं नेमकं हेच शोधत फिरतात, आणि आजवर साकीनाक्याचा असा एकही फोटो त्यांना कोणी आणून दिलेला नाही, असं आमची शेजारीण सांगते.