आकाशातील जागरण

पनवेलच्या वेशीवर उभा राहिलेला नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ रोजी प्रवाशांसाठी खुला झाला. ही घटना निःसंशय आनंदाची आहे. परंतु त्याच महिन्याच्या आरंभी देशातील विमानवाहतूक कोलमडली होती, आणि ती सावरण्यासाठी वैमानिकांच्या विश्रांतीचे काही नियम तात्पुरते बाजूला ठेवण्यात आले होते, याचा विसर पडता कामा नये. ज्यांच्या दारात विमानतळ आला आहे, त्यांनी तर या घटनेचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे.

जागरणाचा शीण काय असतो, हे पहाटेची लोकल गाठणाऱ्या नवीन पनवेलच्या नोकरदाराला सांगावे लागत नाही. गाडीत डोळा लागला तर त्याचे फार तर एखादे स्टेशन हुकते. वैमानिकाचे तसे नाही. २२ मे २०१० रोजी दुबईहून रात्रभर उडत आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान सकाळी मंगळूरच्या धावपट्टीपलीकडे दरीत कोसळले. १६६ पैकी १५८ जण मृत्युमुखी पडले. निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीत दिसून आले की, मुख्य वैमानिक उड्डाणाचा बराच काळ झोपलेले होते, आणि विमान न उतरवता पुन्हा वर नेण्याची सूचना सहवैमानिकाने तीनदा देऊनही ती पाळली गेली नाही. दीर्घ झोपेतून उठल्यानंतर निर्णयशक्तीला काही काळ जे मांद्य येते, त्याचाही या अपघातात वाटा असावा, असे चौकशीने नमूद केले.

हे उड्डाण चार तासांच्याही आतले होते, हे ध्यानात घेतले पाहिजे. मुंबई ते न्यूयॉर्कसारख्या लांबच्या उड्डाणात जादा वैमानिक असतात आणि आळीपाळीने आडवे होण्यासाठी बिछानेही असतात. तरीही तेथे उतरताच घड्याळ साडेनऊ-साडेदहा तास मागे जाते आणि शरीर मात्र मुंबईच्याच वेळेवर राहते. जवळच्या रात्रीच्या फेऱ्यांत तर ही सोयही नसते; आणि रात्री दोन ते सहा हा काळ माणसाची सावधता सर्वांत मंदावण्याचा.

उड्डाणापूर्वी वैमानिकाने मद्य घेतले आहे काय, हे यंत्रात फुंकर मारायला लावून तपासतात, आणि ते योग्यच आहे. सुमारे सतरा तासांचे सलग जागरण माणसाची कार्यक्षमता मद्याच्या अमलाइतकीच खालावते, असे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने दाखवून दिले. पण झोप किती झाली हे सांगणारे तसे यंत्र विमानतळावर नसते. तिथे नियम हाच एकमेव पहारेकरी!

तो नियम नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने ८ जानेवारी २०२४ रोजी कडक केला. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली, रात्रीची व्याख्या पहाटे पाचऐवजी सहापर्यंत वाढवली, आणि रात्रपाळीतील विमान उतरवण्याची मर्यादा सहावरून दोनवर आणली. कंपन्यांच्या विरोधामुळे अंमलबजावणी लांबली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, आणि अखेर १ जुलै व १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत नियम लागू झाले. महिनाभरातच इंडिगोचे वेळापत्रक ढासळले. ५ डिसेंबरला एका दिवसात हजारावर उड्डाणे रद्द झाली, आणि रात्रीच्या कामाविषयीच्या तरतुदींतून त्या कंपनीला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सवलत मिळाली. रजा ही साप्ताहिक विश्रांतीच्या जागी धरू नये, हा आदेश तर सर्वच कंपन्यांसाठी मागे घेण्यात आला.

अडकलेल्या प्रवाशांचे हाल खरे होते, आणि त्या दिवशी सरकारपुढे फारसे सोपे मार्ग नव्हते, हेही मान्य केले पाहिजे. परंतु जवळजवळ दोन वर्षे आधी जाहीर झालेल्या नियमासाठी पुरेसे वैमानिक तयार ठेवणे हे कंपनीचे काम होते. ते न झाल्याची भरपाई वैमानिकाच्या झोपेतून व्हावी, हा न्याय नव्हे. शिवाय गोंधळ पुरेसा मोठा झाला की नियम वाकतो, असा धडा त्यातून इतर कंपन्यांनी घेतला, तर त्यांना दोष कोणत्या तोंडाने देणार?

म्हणून काही अपेक्षा स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत. विश्रांतीच्या नियमातून सवलत देताना तिची कारणे आणि त्या काळात घ्यावयाची खबरदारी जाहीर व्हावी. वैमानिकांच्या थकव्याविषयी कंपन्यांनी दर तिमाहीस द्यावयाचे अहवाल लोकांसमोर यावेत. आणि ‘आज मी उडण्यास समर्थ नाही’ असे सांगणाऱ्या वैमानिकाच्या बढतीवर वा वेतनावर त्याचा परिणाम होऊ नये. मध्यरात्रीचे स्वस्त तिकीट शोधणाऱ्या आपणही एवढे समजून घ्यावे की, थकलेल्या वैमानिकामुळे रद्द झालेले उड्डाण ही आपली गैरसोय असली, तरी ती आपल्याच जिवासाठी पत्करलेली असते.