कोरड्या हवेसाठी दुबई? आधी विमा पाहा

पावसाळ्यात बाळकुमच्या वस्त्यांत भिंतींना ओल येते आणि लेकरांचा खोकला, दमा वाढतो. म्हणून दुबईत नोकरी लागली की 'तिथली हवा कोरडी, पोरांना मानवेल' म्हणत अख्खे कुटुंब न्यायचे ठरते. आम्हाला ही घाई वाटते.

तिथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला कायद्याने बंदी आहे. धडधाकट कामगाराची ही गत, मग लहान मुले दिवसभर एसीच्या खोलीतच राहणार. वाळूची धूळ दम्याला बाधते ती वेगळीच.

दुबईत कामगाराचा आरोग्य विमा मालक काढतो. बायकामुलांचा विमा मात्र त्यांना बोलावून घेणाऱ्याची, म्हणजे आपली जबाबदारी.

नोकरी सोडा असे आम्ही म्हणत नाही. कमावत्याने आधी एकट्याने जावे, एक उन्हाळा काढावा, विम्यात दम्याचा उपचार बसतो का ते लेखी घ्यावे. तोवर इकडे मुलांच्या लसी पूर्ण कराव्यात. डॉक्टरांनी दिलेला पंप मनाने बंद करू नये. हवा बदलली तरी औषध चुकवून चालत नाही.