दान की जाहिरात? : नाशिकच्या सार्वजनिक मालमत्तेवरील प्रायोजकत्वाविषयी पत्रक

चौक, उद्यान, पूल किंवा स्थानक यांच्या उभारणीचा अथवा देखभालीचा खर्च एखाद्या कंपनीने उचलावा आणि त्या बदल्यात आपले नाव तेथे झळकवावे, या व्यवस्थेला प्रायोजकत्व म्हणतात. महापालिकेच्या उत्पन्नाचा मार्ग म्हणून ती वारंवार पुढे केली जाते, आणि २०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आला असताना ती पुन्हा पुढे येईल हे सांगायला ज्योतिषी नको.

महापालिकेला पैशाची निकड आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. जकात २०१३ मध्ये गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांपुरता उठला, आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाल्यापासून शहराच्या तिजोरीची मोठी मदार राज्याकडून येणाऱ्या भरपाईच्या अनुदानावर आहे. जाहिरातींवरील कराची राज्यसूचीतील नोंदही १०१ व्या घटनादुरुस्तीने वगळली गेल्यामुळे जाहिरातीतून महापालिकेच्या हाती उरते ते जागेचे भाडे आणि परवान्याचे शुल्क. अशा स्थितीत तीच जागा ‘सुशोभीकरण’ या नावाखाली मोबदल्याविना देऊन टाकणे म्हणजे उत्पन्न वाढवणे नव्हे, हातचे सोडणे होय.

नाशिकने हा प्रयोग २०१२ ते २०१७ या काळात, महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या सत्तेत, मोठ्या प्रमाणावर पाहिला. शस्त्रसंग्रहालयासाठी जीव्हीके, पांडवलेण्यांजवळच्या नेहरू वनोद्यानासाठी टाटा समूह आणि गोदावरीकाठच्या गोदापार्कसाठी रिलायन्स फाउंडेशन पुढे आले, आणि शहराच्या खिशाला तोशीस न लागता कामे उभी राहिली, हे श्रेय द्यायलाच हवे. परंतु ऑगस्ट २०१६ च्या पुराने गोदापार्कच्या कामाची हानी केली, तेव्हा या व्यवस्थेतील खरी गोम उघडी पडली : उभारणी एकदाच होते, तर माळी, पहारेकरी, वीजबिल, पंप आणि पुरानंतरचा गाळ हा खर्च दरवर्षीचा असतो, आणि कोनशिलेवर त्याचा उल्लेख नसतो.

दान कोणते आणि जाहिरात कोणती, याबाबत कायद्याने संदिग्धता ठेवलेली नाही. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक उलाढाल, निव्वळ मालमत्ता वा नफा असलेल्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक उत्तरदायित्वावर, म्हणजे समाजोपयोगी कामांवर, खर्च करायची असते. मात्र आपल्या उत्पादनांच्या वा सेवांच्या विपणनाचा लाभ मिळवण्यासाठी केलेले प्रायोजन त्यात धरता येत नाही, असे २०२१ मध्ये सुधारलेले नियम स्पष्टपणे सांगतात. तेव्हा रक्कम दान असेल तर फलक बेताचा हवा, आणि फलक मोठा हवा असेल तर ती जाहिरात असून तिचा दर ठरला पाहिजे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ७९ नुसार महापालिकेची स्थावर मालमत्ता किंवा तिचा हक्क चालू बाजारमूल्यापेक्षा कमी मोबदल्यात हस्तांतरित करता येत नाही. वाहतूक बेटावरील फलकाच्या जागेला मात्र हा न्याय लावण्याची आठवण कोणाला होत नाही. सिग्नलला थांबलेल्या चालकाच्या नेमक्या नजरेसमोर कंपनीचे बोधचिन्ह, त्याखाली बारीक अक्षरांत महापालिकेचे नाव, आणि हिरवळ करपली तरी फलक टवटवीत, असे बेट ज्याने पाहिले असेल त्याला दान आणि जाहिरात यांतील भेद समजावून सांगावा लागत नाही.

नावाचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. मुंबईच्या भुयारी मेट्रोवर संयुक्त महाराष्ट्र चळवळीचे एक सेनानी आचार्य अत्रे यांच्या नावाच्या चौकाचे स्थानक एका म्युच्युअल फंडाचे नाव पुढे लावून ओळखले जाऊ लागले. तेथे निदान जाहीर व्यवहारातून महसूल तरी मिळतो. नाशिकमध्ये तेवढेही न मिळता अहिल्यादेवी होळकर पूल किंवा कालिदास कलामंदिर यांच्या नावामागे उद्या सिमेंटची छाप लागू शकते. ज्यांनी ही नावे मिळवली त्यांनी ती भाड्याने घेतलेली नव्हती.

म्हणून सिंहस्थाच्या निमित्ताने होणारा प्रत्येक प्रायोजन-करार सहीपूर्वी महासभेपुढे यावा आणि महापालिकेच्या संकेतस्थळावर मराठीत प्रसिद्ध व्हावा. त्यात मुदत, फलकाचे मोजमाप आणि खुल्या निविदेतून ठरलेला दर नमूद असावा. देखभालीची अनामत रक्कम आगाऊ घेतली जावी, आणि देखभाल थांबताच ती जप्त करून फलक उतरवला जावा. रामकुंड, घाट, पूल आणि थोरांच्या नावांचे चौक या व्यवहारातून पूर्णपणे वगळावेत, आणि नागरिकांनी ही मागणी आपापल्या प्रभागाच्या नगरसेवकाकडे लेखी नोंदवून तिची पोच घ्यावी.